घाटात रेंज नाही

"मांजरसुंब्याच्या घाटात हाय मुकादम, आवाज तुटायलाय... हॅलो... हॅलो..."

ऊसतोड टोळीच्या मुकादमाला असं सांगणारा गडी बसलेला गेवराई स्टँडच्या बाकड्यावर. अन् मागं भोंगा खणखणीत: "बीडकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे."

इथंच फसतंय. रेंज गेली की मागचा गोंगाटही तुटतो, एकट्या माणसाचाच शब्द अर्धा राहत नाही. शिवाय लाल बटण दाबलं की पलीकडं कॉल लगेच संपतो; खरी रेंज जाते तेव्हा आधी काही सेकंद नुसती शांतता. मुरलेले लोक तर स्वतःच्याच वाक्याच्या मध्यात एरोप्लेन मोड लावतात. तो लगेच काढला अन् व्हॉट्सॲपवर 'ऑनलाइन' दिसलात, की मेलात.

मुकादमाकडनं उचल, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसे, किती घेतली असंल बरं गड्यानं?