चाळीस, अठ्ठेचाळीस की बेचाळीस?

बाबा गेल्यावर ठाण्यात चरईतल्या आमच्या फ्लॅटच्या घरपट्टीला आईचं नाव लावायला मी अर्ज केला. नाव लागायच्या आधी घरी महापालिकेची विशेष नोटीसच येऊन पडली. करयोग्य मूल्य ९,७२० वरून ११,६६४ रुपये.

"अगं, नाव बदललं म्हणून कर वाढतो का?" आईने विचारलं. शेजारचे काका म्हणाले, "सगळ्यांचंच वाढलंय, भरून टाक." सोसायटीत चौकशी केली, तर वाढलं होतं फक्त आमचं.

मग रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. मुंबईत मालमत्ता कर भांडवली मूल्यावर लागतो. आमच्याकडे घर भाड्याने दिलं तर वर्षाला काय मिळावं, याचा अंदाज धरतात. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा झाले की उरतं ते करयोग्य मूल्य. बिलातला सर्वसाधारण कर, शिक्षण कर, सगळे त्यावरच चढतात. नव्याला जुन्याने भागलं, उत्तर बरोबर १.२. एवढं नेमकं? म्हणजे घोळ क्षेत्रफळात. चटईक्षेत्र ४० चौरस मीटर, त्यावर बिल्डरचे २० टक्के चढवले की बिल्ट-अप ४८. आणि अर्जात ४८ लिहिलं होतं कोणी, तर मीच! करारनाम्यावरून डोळे झाकून उतरवलं होतं.

नोटिशीत हरकतीला २१ दिवस दिले होते, त्यातले नऊ चिडण्यात गेले. ही मुदत हुकली असती तर पुढचा रस्ताही बंद: महापालिका कायद्याच्या कलम ४०६ खालचं अपील, म्हणजे कोर्ट, आधी हरकत घेतलेली असेल तरच चालतं, आणि तिथे वादातली रक्कम आधी भरावी लागते. साधा अर्ज, नकाशाची प्रत, जुनं बिल असं दिलं आणि अर्जाच्या प्रतीवर पोच शिक्का मारून घेतला. चालू सहामाहीचं बिल मात्र थांबवलं नाही. महिन्याला २ टक्के शास्ती कोण भरत बसणार?

सुनावणी पाच मिनिटांत आटोपली. "जागेवर मोजू," एवढंच म्हणाले.

मोजायला आलेले गृहस्थ टेप घेऊन खोल्यांतून फिरले, चाळीस लिहिलं आणि गॅलरीपाशी थांबले. आई लगबगीने चहा घेऊन आली. बाबांनी वीस वर्षांपूर्वी गॅलरीला सरकत्या काचा लावून आत वेताची खुर्ची टाकली होती. सकाळचा पेपर तिथेच. नकाशात ती उघडी होती.

"ही बंद केलीय ना, ताई?"

नाही कसं म्हणणार? काचा समोर होत्या. त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली, तुळशीच्या कुंडीखालून टेप नेला आणि वहीत आणखी दोन मीटर लिहिले.

नवा आकडा १०,२०६ आला. आईने बिल दोनदा वाचलं, आपल्या नावावर बोट ठेवून. मग म्हणाली, "दोन मीटर ह्यांचेच ना? असू दे."