पॉलिगोनम प्लेबियमची ओळख पटवताना

एमएस्सीच्या हर्बेरियमसाठी, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, मी मुद्दाम पॉलिगोनम प्लेबियम निवडलं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी १८१० मध्ये नाव दिलेली ही वर्षायू वनस्पती आपल्या सोलापूरजवळ हिप्परगा तलावाच्या काठी मिळते. हिवाळा सरता सरता पाणी मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळावर ती जमिनीला चिकटून चहूबाजूंनी पसरते. मेंढरं तुडवतात, तरी फुलायची थांबत नाही. माती भेगाळण्याआधी, ओल असतानाच खुरप्यानं काढली की मूळ अखंड हाती येतं.

खरं काम ओळख पटवण्याचं. पानाच्या मापावर भरवसा ठेवता येत नाही. ओलीत ते दीड सेंटिमीटरपर्यंत वाढतं, कोरड्या कडेला जेमतेम अर्धा. म्हणून आधी पेरं तपासली. पानाच्या बुडाशी खोडाला वेढून एक पांढरी, आरपार दिसणारी, वरच्या काठाला चिरफाळलेली नळी असते, तिला ऑक्रिया म्हणतात. ती दिसली आणि पॉलिगोनेसी कुळ नक्की झालं. आपला आंबट चुकाही याच कुळातला. मंडईतून आणलेल्या जुडीत देठाच्या बुडाशी तसाच पापुद्रा आईला दाखवला, तर भाजी निवडायची सोडून तीही चष्मा लावून बघत बसली!

मग प्रश्न जातीचा. पॉलिगोनम अविक्युलेर दिसायला अगदी जवळची. पानांच्या बगलेत फुलांचे लहान झुबके असतात. त्यातलं एक फूल सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं उकललं. परिदलं (फुलाच्या पाकळ्यांसारखी दलं) पाच, हिरवट, कडा पांढुरक्या-गुलाबी. पुंकेसर पाच, अविक्युलेरमध्ये बहुधा आठ. तरीही माझं समाधान झालं फळ पाहिल्यावरच. दीड-दोन मिलिमीटरचं, तीन धारांचं, काळपट तपकिरी, आणि दिव्याखाली फिरवलं की लख्ख चमकणारं. अविक्युलेरचं फळ निस्तेज, बारीक रेघांचं असतं. पिकलेलं फळ नसेल तर या वनस्पतीचा नमुना उचलूच नये, असं माझं ठाम मत झालंय.

दाबायला फारसा त्रास नाही. वर्तमानपत्राचे कागद मात्र वेळेवर बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. फुलांचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून तो तलावावरच वहीत टिपला होता. लेबलवर तो लिहिला आणि अधिवासापुढे ‘तलावाचा उघडा गाळ, काळी माती’.