गुलामीपासून सुरू होणारा इतिहास

ज्यूंबद्दल वाचताना मला सगळ्यात भारी हे वाटतं की त्यांच्या राष्ट्राची गोष्ट कुठल्या राजापासून सुरू होत नाही, मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, तिथल्या राजासाठी, फारोसाठी, विटा पाडणाऱ्या गुलामांपासून होते. आपल्याकडं बघा, प्रत्येकाचा खापरपणजोबा सरदार नायतर देशमुख!

वल्हांडण म्हणजे त्या गुलामीतून सुटल्याचा सण. त्या रात्री घरातलं सगळ्यात लहान पोरगं विचारतं की आजची रात्र वेगळी का, आणि मग सगळे हगादा, म्हणजे त्या सुटकेची पोथी, वाचतात, कडू पाला खातात कारण गुलामी कडू होती, आणि बिनखमिराची भाकरी, कारण त्यांना तिथून बाहेर काढणाऱ्या मोशेबरोबर निघताना पीठ फुगेपर्यंत थांबायला वेळच नव्हता. हगादात स्पष्टच लिहिलंय, प्रत्येक पिढीनं आपण स्वतः मिसरमधून बाहेर पडलो असं समजायचं. म्हणजे ‘ते’ नाही, ‘आम्ही’.

आता एवढे लोक तिथून निघाल्याचा पुरावा उत्खननात मिळालेला नाही. पण सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत, लग्न लागतं त्या संमती कट्ट्यावर ‘दिड्डम दिड्डम’ सुरू झालं आणि अक्षता उडाल्या की सिद्धरामेश्वरांचं लग्न बाराव्या शतकातलं राहतं का? आत्ता चालू असतं ते, आणि आपण वऱ्हाडी. फरक एवढाच की आपलं देऊळ, तळं जागेवर आहे, त्यांचं जेरुसलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी जाळलं, मग सगळं जेवणाच्या ताटावर आलं, आणि ताट काय, कुठंही मांडता येतं.

अगदी कोकणातपण. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले शनिवार तेली, नवगावजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली अशी त्यांची स्वतःची वेगळी गोष्ट. १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला, त्यातल्या चित्रात लुगडं नेसलेल्या बायका खाली बसून ती भाकरी करतायत, मला ते चित्र फार आवडतं.

आणि हीच माणसं इस्रायलला गेली तर तिथले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, लग्नाच्या वेळी आजी कोण, पणजी कोण विचारायला लागले, खरे ज्यू आहात का म्हणून. आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठं १९६४ मध्ये सरकारनं त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. परक्याला छळू नका, तुम्हीपण मिसरमध्ये परकेच होता, असं तोरा, त्यांचा धर्मग्रंथ, सांगते, आणि इथं तर परकेपण नव्हते हो, घरचेच होते. वाचून रागच आला मला.