मसाई मारा, चित्ता आणि राजम्याची पिशवी

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात फोटो काढायला निघण्याआधी माझा सगळा जीव कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये अडकला होता. खरं तर आधी पिवळ्या तापाची लस उरकायला हवी. ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि भारतात परततानाही तिचा दाखला बघतात. ट्रायपॉड नेऊ नका, सफारीच्या गाडीत तो उभा करायला जागाच नसते. मी एक रिकामी कापडी पिशवी नेली आणि नैरोबीत दोन किलो राजमा घेऊन ती भरली. गाडीचं छत उघडलं की त्याच्या कडेवर पिशवी ठेवायची आणि तिच्यात लेन्स रुतवायची.

तरीही पहिल्या दोन दिवसांचे बहुतेक फोटो हलले. आमच्या मसाई जमातीच्या चालकाने ते पाहिले आणि कारण सांगितलं. एक तर मी इंजिन चालू असतानाच बटण दाबत होते. दुसरं म्हणजे ऊन. दहानंतर जमीन तापते, हवा थरथरायला लागते आणि लांबचा सिंह पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. कितीही महाग लेन्स घ्या, त्यावर उपाय नाही.

तिसऱ्या दिवशी सहालाच निघालो. मसाई मारा समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंच आहे, बोटं गारठली होती. वाळवीच्या वारुळावर चित्त्याची मादी बसलेली दिसली. इंजिन बंद. फोकस डोळ्यावर, जिथून ती काळी रेघ गालावर उतरते तिथे. बसलेली होती तोवर १/५०० सेकंदाचा शटर पुरला, ती उठली तसा मी तो १/२००० वर नेला.

तिला दूर गॅझेल, म्हणजे हरणासारखा प्राणी, दिसली होती. दोन गाड्या पुढे सरकल्या. मीही म्हटलं, "चला ना!" चालकाने मान हलवली. चित्ता दिवसा, नजरेच्या भरवशावर शिकार करतो. मध्ये गाड्या आल्या की सावज बिथरतं आणि पिलं उपाशी राहतात. मला फार लाज वाटली. आम्ही तिथेच थांबलो.

अर्ध्या तासाने ती गवतातून परतली, तोंड रक्ताने माखलेलं. पाखरासारखी चिवचिव करून तिने साद घातली आणि झुडपातून तीन पिलं धावत आली. ऊन चढलं होतं, अंतर बरंच होतं, फोटो मऊच, थोडा अस्पष्ट आला. भिंतीवर मी तोच लावला आहे.