सिल्व्हर सर्फर: चंदेरी रंगाविना चंदेरी माणूस

चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला आणि रंगवलेल्या शीट एकदाच्या सुकायला लागल्या. जून-जुलैपासून अडकलेला माझा ॲनिमेशनचा शॉट त्यामुळे पुढे सरकलाय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. सिल्व्हर सर्फर म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधला, उडत्या फळीवरून अंतराळात फिरणारा चंदेरी माणूस. त्याच्यावरची 'सिल्व्हर सर्फर' ही ॲनिमेशन मालिका अमेरिकेत फॉक्स किड्सवर १९९८ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि मे महिन्यात आटोपली. एकूण १३ भाग. शेवटचा भाग तर विश्वाच्या अंतापर्यंत नेऊन सोडून देतो, त्याचा उत्तरार्ध कधी बनलाच नाही. सर्फरच्या नशिबातच अल्पायुष्य असावं. त्याचं स्वतःचं पहिलं कॉमिक १९६८ मध्ये निघालं आणि १८ अंकांनंतर १९७० मध्ये बंद पडलं. त्यातल्या १७ अंकांची चित्रं जॉन बुसेमाने काढली. ज्याने हे पात्र जन्माला घातलं त्या जॅक किर्बीच्या वाट्याला नेमका शेवटचा अंक आला!

मी त्या मालिकेच्या धर्तीवर चार सेकंदांचा एक शॉट करतोय: ग्रह गिळणाऱ्या अवाढव्य गॅलॅक्टसच्या चेहऱ्यासमोरून सर्फर आपल्या फळीवरून सरकत जातो, बस. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमना, म्हणजे ४८ चित्रं. सर्फर हाताने रंगवलेल्या सेलवर (म्हणजे पारदर्शक शीटवर), आणि गॅलॅक्टस खरोखरचा घडवलेला, त्रिमितीतला. "सगळंच ब्लेंडरमध्ये का करत नाहीस?" हा प्रश्न मला येताजाता विचारला जातो. (ब्लेंडर म्हणजे संगणकावर त्रिमितीतलं ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर.) करता येईल की. पण मग मालिकेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्टच निघून जाईल. तिथे पात्रं सेलवर काढलेली आहेत आणि गॅलॅक्टस मात्र संगणकावर बनवलेला. त्या काळचं संगणकी काम आज ओबडधोबड दिसतं, हे मान्य. तरीही निर्णय बरोबर होता असं माझं ठाम मत आहे. जो ग्रह खाऊन जगतो, तो बाकीच्यांच्याच रेषेत, त्यांच्याच रंगात बसता कामा नये. तो पडद्यावर आला की दुसऱ्याच कुठल्या मितीतून आल्यासारखा खटकलाच पाहिजे.

आता चंदेरी रंगाबद्दल. माझ्या रंगांत चंदेरी रंगाची बाटलीच नाही. मेटॅलिक रंग हातात धरून पाहिला तर छान चमकतो, स्कॅनरखाली गेला की मातकट राखाडी होतो. चमक ही मुळात रंगात नसते, शेजारी-शेजारी ठेवलेल्या गडद आणि उजळ पट्ट्यांत असते. जुन्या कॉमिकच्या छपाईत तरी चंदेरी शाई कुठे होती? सर्फर तिथे पांढरा आणि फिकट निळसरच असायचा, बाकीचं काम शाईच्या काळ्या आकारांनी केलं. मीही पाच छटांवर आलोय: जवळपास पांढरा, फिकट राखाडी, निळसर राखाडी, पाटीचा काळपट रंग आणि शुद्ध काळा. स्टीलच्या पिंपावर दिसतो तसा एक गडद पट्टा छातीवरून आडवा जातो. जमिनीवर उभ्या असलेल्या चकचकीत वस्तूत तो पट्टा क्षितिजाचा असतो. अंतराळात क्षितिज नाही, म्हणून मी तो समोरच्या गॅलॅक्टसचा धरला आणि त्यात थोडा जांभळा मिसळला. सर्फर जसजसा जवळ येतो तसतसा पट्टा रुंद होत जातो. ह्या एका गोष्टीने तो त्या जागेत खरोखर असल्यासारखा वाटायला लागला.

रेषा शीटच्या पुढच्या बाजूने, रंग मागच्या बाजूने, ही सेलची जुनी पद्धत. मागून रंगवताना सगळा क्रम उलटा होतो. आधी भुवईखालची काळी चिर, खांद्यावरचा पांढरा ठिपका, असले बारीक तुकडे. ते सुकले की वरून मोठा भाग. पण पट्टा दर चित्रात नव्याने काढला की प्रोजेक्शनमध्ये तो उकळल्यासारखा थरथरतो. म्हणून पट्टा वेगळ्या शीटवर घेतला, अंगाची शीट खाली आणि चमकेची वर. इथे एक जुनी खुबी उपयोगी पडते. प्रत्येक शीटमुळे खालचा रंग किंचित मंद होतो. त्यामुळे ज्या फ्रेममध्ये चमकेची शीट नसेल, तिथे कोरी शीट ठेवायची. नाहीतर माणूस मध्येच उजळतो आणि मध्येच मावळतो.

सामान: साध्या ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक) शीट, इंकजेटसाठी कोटिंग केलेल्या नव्हेत. त्या एका बाजूने खरखरीत असतात आणि रंग धुकट दिसतो. पोस्टर कलर शीट वाकली की पोपडे धरतो, ॲक्रिलिक टिकतो. रंगवण्याआधी शीट स्पिरिटने पुसायची. गोव्याच्या पावसाळ्यात ॲक्रिलिक वरून सुकल्यासारखा दिसला तरी आतून चिकटच राहतो, एकावर एक ठेवलेल्या शीट एकमेकींना धरून बसतात. उपाय आपल्या घरोघरचाच: कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून कपाटात बल्ब लावतात, त्याच कपाटातला एक कप्पा मी बळकावला, आणि शीटच्या मधे बटर पेपर. घरच्यांच्या रेशमी साड्या आणि नॉरिन रॅड (हे सर्फरचं खरं नाव) सध्या गुण्यागोविंदाने नांदताहेत.

गॅलॅक्टसचं काम मात्र गोव्यात असल्यामुळेच सोपं झालं. आमच्या फोंड्यात चवथ संपली की वाड्यावाड्यावर पोरं दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या तयारीला लागतात. मातीच्या साच्यावर कागदाचे थर चढवून मुखवटा करायचा आणि सुकल्यावर काढून घ्यायचा, ही विद्या त्यांच्याकडे तयारच आहे. मी त्याच पद्धतीने डोकं केलं. शिरस्त्राणाच्या दोन्ही बाजूंचे ते मोठे शिंगांसारखे पंख दमट हवेत लोंबायला लागतात, तर मंडळातल्या एका पोराने आत बांबूच्या कांबी घालायला सांगितलं. आता ताठ आहेत. अंगणात सुकत ठेवलेलं ते डोकं पाहून शेजारचे एक काका थांबले. "हो खंयचो नरकासूर रे?"

"काका, हो ग्रह खाता."

"मागीर लासूंक जायच," (मग जाळायलाच हवा) म्हणाले आणि निघून गेले.

डोकं फूटभराचंच आहे, पडद्यावर ते डोंगराएवढं दिसायला हवं. कॅमेरा हनुवटीच्याही खाली नेला, दिवा एकच, बाजूने. खरी युक्ती मात्र ॲपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या छिद्राची. छोट्या वस्तूच्या जवळ गेलं की मागचा भाग पुसट होतो आणि तेवढ्यावरून आपला डोळा ताडतो की हे खेळणं आहे. म्हणून एफ/१६ एवढं बारीक ॲपर्चर, खोलीत अंधार आणि लांब एक्स्पोजर. फिरवायचं डोकंही फिरत्या पाटावर फ्रेमगणिक सरकवतोय, तेव्हा घाई नाहीच. नाकापासून पंखाच्या टोकापर्यंत सगळं स्वच्छ आलं, की आकार आपोआप वाढतो.

सेल स्कॅन करताना मागे हिरवा कागद ठेवतोय, कारण सर्फरच्या अंगात निळा, काळा, पांढरा आणि जांभळा सगळंच आहे, हिरवा तेवढा नाही. जोडणी संगणकावर. इथे शुद्धतेचा हट्ट मी सोडला. गॅलॅक्टसचे फोटो छापून सेलच्या खाली ठेवायचे तर छपाईचाच खर्च बजेट खाईल.

राहिलेलं काम म्हणजे किर्बीचे ते काळे ठिपके. ऊर्जा दाखवायला तो गोल-गोल ठिपक्यांचे पुंजके काढायचा, आणि ते फळीच्या मागे हवेतच. हाताने काढले तर फार सारखे येतात. सध्या काळ्या व्हिनाईल स्टिकरमधून वेगवेगळ्या मापाच्या पंचने टिकल्या पाडून त्या सरळ शीटवर चिकटवून पाहतोय. एकमेकींवर चढलेल्या टिकल्या जास्त चांगल्या दिसतात, सुट्या मात्र गोवर आल्यासारख्या. फळीच्या शेपटाकडे दाट आणि पुढे विरळ असं ठेवलंय, पुढच्या वेळी हलताना दाखवेन.

आणि पणजी, म्हापसा, मडगाव, कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे कोटिंग नसलेल्या ओएचपी शीटचा जुना स्टॉक पडून असेल तर कळवा. माझ्याकडचा गठ्ठा गॅलॅक्टसच्या वेगाने संपतोय.