सातव्या मजल्यावरून लिंगोबा

नवीन पनवेलमध्ये फ्लॅट दाखवताना बिल्डरची माणसं आधी खिडकीशी नेतात. हा बघा प्रबळगड, ही माथेरानची रांग, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला तो अंगठ्यासारखा उभा कर्नाळ्याचा सुळका. जादा पैसे प्रबळगडाचे लागतात. कर्नाळा म्हणजे पक्षी अभयारण्य, शाळेची सहल आणि पिशवी पळवणारी माकडं. हाच ठाकरांच्या देवाचा, लिंगोबाचा डोंगर, हे कुणी सांगत नाही. गो. नी. दांडेकरांनी आपली ठाकर आदिवासींची कादंबरी या सुळक्याभोवती रचली आणि तिच्यावरून जब्बार पटेलांनी १९७७ साली ‘जैत रे जैत’ केला.

या चित्रपटाला कमी लेखलं गेलं असं म्हटलं तर लोक अंगावर येतात. अहो, राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय! मिळालाय ना. पण जब्बार पटेलांचं नाव निघालं की आधी ‘सामना’ येतो, मग ‘सिंहासन’. स्मिता पाटीलचा विषय निघाला की ‘उंबरठा’. तिच्या दुर्दैवाने म्हणा की सुदैवाने, त्याच १९७७ साली तिची ‘भूमिका’ आली आणि सगळी चर्चा तिकडे गेली. दोन राजकीय चित्रपटांच्या मध्ये सापडलेली ही रानातली प्रेमकथा मग ‘गाणी काय सुंदर आहेत नाही!’ एवढ्यावरच राहिली.

गाणी सुंदर आहेतच, त्यात वाद नाही. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. वाशीच्या भावे नाट्यगृहात मराठी गाण्यांचा कार्यक्रम असला की ‘मी रात टाकली’ला टाळ्यांचा ठेका धरला जातो, ‘जांभूळपिकल्या झाडाखाली’ला मागच्या रांगेतल्या बायकाही गुणगुणायला लागतात. यातल्या किती जणांनी चित्रपट सबंध पाहिला असेल? माझा अंदाज आहे, फार थोड्यांनी. गाण्यांनी हा चित्रपट इतकी वर्षं जिवंत ठेवला आणि त्यांच्याच आड तो दिसेनासा झाला. गंमत अशी की ती गाणी मध्येच घुसडलेली नाहीत. गोष्ट पुढे नेण्याचं निम्मं काम तीच करतात. ती वेगळी काढून ऐकली की उरतात पाऊस, जांभळं आणि प्रेम. त्यांच्यामधलं भांडण गळून पडतं.

आणि भांडण हाच तर या प्रेमकथेचा कणा आहे. नाग्या हा भगताचा पोर. पुण्यवंताला राणीमाशी दिसते असं लहानपणी त्याच्या मनावर बिंबलेलं. म्हणून तो चांगला वागतो आणि चांगलं वागून डोंगरावर जातो, तर माश्या त्यालाच फोडून काढतात. एक डोळा जातो. आपण काय वाकडं केलं होतं, या प्रश्नाला लिंगोबाकडे उत्तर नाही, बापाकडेही नाही. तेव्हा तो डोंगराशी वैर धरतो. देवाशी असलं सरळ, समोरासमोरचं भांडण आपल्या पडद्यावर फार कमी वेळा आलंय. मोहन आगाशे ते आरडाओरडा न करता करतात, मान जराशी तिरकी ठेवून.

मग चिंधी येते, म्हणजे स्मिता पाटील. नवऱ्याला सोडून आलेली, जिभेची तिखट, कुणाच्या बापाला न भिणारी. दुसरा कुठलाही चित्रपट असता तर तिने नाग्याच्या पायाला मिठी मारली असती, ‘नका जाऊ’ म्हणून. चिंधी म्हणत नाही. त्याचं वैर ती आपलं करते. तिला नाग्या हवाय तो त्या वैरासकट. ज्यांना हा चित्रपट मनापासून आवडतो त्यांच्याशी बोलून बघा, ते याच जागेवर येऊन थांबतात. त्यांना प्रेमाचे संवाद आठवत नाहीत (फारसे नाहीतच), दोघं मिळून डोंगरावरची मधमाश्यांची पोळी उतरवण्याच्या अशक्य कामाला लागलेली आठवतात. शेवटी पोळी खाली येतात, नाग्या जिंकतो, आणि चिंधी माश्यांच्या डंखांनी जाते.

माश्यांबद्दल चित्रपट खोटं बोलत नाही, हे मला आमच्या सोसायटीत कळलं. दिवाळीनंतर आमच्या सातव्या मजल्याच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ लागलं. या माश्यांना उंच कडा लागतो. इथे टॉवर झाले, त्यांना कडेच मिळाले. एकच मोठं उघडं पोळं, त्यावर माश्यांचे थरावर थर, आणि राणी त्या थरांच्या आत. म्हणजे ती बघायची तर पोळं मोडल्याशिवाय गत्यंतर नाही. एक माशी डसली की त्या डंखाच्या वासाने बाकीच्या चवताळून येतात, म्हणून तर कर्नाळ्यावर दंगा करू नका, धूर करू नका असं बजावतात. आमच्या मीटिंगमध्ये दोन तट पडले. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा म्हणणारे आणि पावसाआधी त्या आपोआप जातात म्हणणारे. सेक्रेटरी कोटेशनं वाचत असताना मागून एका आजोबांनी ‘लिंगोबाचा डोंगुर’ची चाल धरली आणि सभा बारगळली. मे महिन्यात माश्या खरोखरच निघून गेल्या. खजिनदार सगळ्यात खूश.

त्याच दिवसांत स्टेशनबाहेर ठाकरणी जांभळं घेऊन बसतात. त्यांच्यासमोर उभे राहून मोबाइलवर जांभूळपिकल्या झाडाची रिंगटोन वाजवणारे गृहस्थ मी पाहिलेत. घासाघीसही तेच करत होते, दहा रुपयांसाठी.

आमच्याकडे या चित्रपटाची खरी मालकी आईची. तिने तो नवं लग्न झालेलं असताना थिएटरात पाहिला. तेव्हा पनवेल म्हणजे एक गाव होतं आणि नवी मुंबई बरीचशी सिडकोच्या नकाशावरच होती. परवा माझी भाची सुट्टीला आली होती. ती म्हणे, ‘आजी, एवढं सांगतेस तर बघतेच.’ खोलीत जाऊन लॅपटॉपवर बघितला आणि तासाभरात बाहेर.

‘झाला?’ आईने विचारलं.

‘हो. गाणी पुढे ढकलली ना. खूपच आहेत.’

आई अवाक. उभ्या महाराष्ट्राने चित्रपट सोडून गाणी ऐकली, आणि ही पोरगी गाणी सोडून चित्रपट बघून आली!

‘पण एक कळलं नाही,’ भाची म्हणाली, ‘तिने त्याला अडवलं का नाही? साधं नको जाऊस म्हणायचं.’

‘अडवलं असतं तर मग ती कशाला हवी होती त्याला? तशा गावात दुसऱ्या नव्हत्या?’

‘पण मेली ना ती.’

‘मेली. ते मी पण पन्नास वर्षं लिंगोबाला विचारतेय.’

भाचीला ते पटलेलं दिसलं नाही. तिचं म्हणणं, नाग्याने एकट्याने जायला हवं होतं. आईचं म्हणणं, चिंधी ऐकली नसती. मला विचाराल तर भाचीचा मुद्दा तितकासा चुकीचा नाही, पण मी गप्प बसले. आईने लॅपटॉप बाहेर मागवला, टीव्हीला जोडायला लावला आणि भाचीला शेजारी बसवून चित्रपट पहिल्यापासून लावला. या वेळी माउस आईच्या हातात होता.