पत्रा आणि कागद

शनिवार, रात्री

प्रदर्शन बघून तीन तास झाले, तरी हाताला शाईचा वास येतोय असं वाटतंय. गॅलरीत ओली शाई कुठून येणार? सगळे वाळलेले, काचेमागचे कागद. पण छापाच्या शाईतल्या जवसाच्या तेलाचा वास एकदा नाकात बसला की एचिंग (ॲसिडने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून घेतलेला छाप) दिसलं तरी तो येतो. मला तर पंचवीस वर्षांनी आला.

एकाच कलावंत बाईंचं प्रदर्शन. मुद्राचित्रं, म्हणजे छापचित्रं, आणि शिल्पं, दोन्ही. निमंत्रणावर हे वाचलं तेव्हा मनात म्हटलं, दोन्ही डगरींवर हात. भिंतीवर कागद, आणि मधली जमीन रिकामी दिसू नये म्हणून ब्राँझ.

पहिल्या खोलीत माझा तिरकसपणा टिकला, कारण ब्राँझची तीन मोठी शिल्पं मला मुळीच भिडली नाहीत. गुळगुळीत अंग, धातूवर चढवलेला हिरवट रंग, म्हणजे पॅटिना, वरून नेमका दिवा. कुठे बोटाचा ठसा नाही, की हत्यार घसरल्याची खूण नाही. मेणातलं काम साच्यातून, भट्टीतून, मग घासण्या-पॉलिशातून बाहेर येईपर्यंत इतक्या हातांतून जातं, की पहिला हात त्यात हरवू शकतो. इथे हरवलाय.

पाटीवर 3/8 लिहिलेलं, म्हणजे आठ प्रतींतली तिसरी. शेजारच्या माणसाने सोबतच्या बाईंना विचारलं, "मूर्तीलाही नंबर असतो?" असतो की. फ्रान्समध्ये तर 8 आणि कलावंताच्या स्वतःच्या 4, अशा 12 ओतीव प्रतींपर्यंतच शिल्प 'मूळ' मानतात. साचा, प्रत, आकडा. ओतीव शिल्प आणि छापचित्र सख्खी भावंडं आहेत, फक्त एकाचं वजन जास्त. (मीही शिकत असताना पेन्सिलने ऐटीत 1/10 लिहिलं होतं. प्रती काढल्या सहा. उरलेल्या चार आजवर येणं बाकी आहेत.)

दुसरी खोली एचिंगची. एक माणूस डोक्यावर उलटी खुर्ची घेऊन जिना चढतोय. अकरा चित्रं, तोच माणूस, तोच जिना, अंधार मात्र प्रत्येक चित्रात थोडा वाढलेला. हा अंधार ॲक्वाटिंटचा. पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरायची, खालून शेक देऊन ती चिकटवायची आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. प्रत्येक कणाभोवती ॲसिड खातं, आणि त्या लाखो बारक्या खड्ड्यांत शाई धरते. जितका वेळ जास्त, तितका काळोख गडद. अकराव्या चित्रात माणूस जवळजवळ गेलेला, खुर्चीचे चार पाय तेवढे वर दिसतात. तिथे बराच वेळ थांबले.

तिसऱ्या खोलीत जायचं मनात नव्हतं, पाय दुखत होते. गेले ते बरं झालं.

आत फक्त जस्ताचे पत्रे. वाकवलेले, चिरलेले, एकमेकांना रिव्हेट मारून उभे केलेले. कुणी छातीएवढं, कुणी वीतभर. आधी वाटलं, कारखान्यातलं भंगार. मग एका वाकलेल्या पत्र्यावर तिरपा उजेड पडला आणि त्यात डोक्यावर खुर्ची घेतलेला माणूस दिसला. शेजारच्या खोलीतलाच, पण उलटा. आपली नजर डावीकडून वाचत जाते, त्यामुळे कागदावर तो आपल्या पुढे पुढे चढत जातो. पत्र्यावर तो समोरून अंगावर येतो.

हे छापाचे मूळ पत्रे होते. एडिशन, म्हणजे ठरवलेल्या सगळ्या प्रती, पूर्ण झाली की पत्रा रद्द करायचा असतो. त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढतात, म्हणजे पुढे कुणाला चोरून प्रती काढता येऊ नयेत. या बाईंनी रेघेऐवजी कात्री आणि हातोडी वापरली. रद्द करण्याचा वार हीच शिल्पाची घडी.

आणि शिल्प म्हणून ते पहिल्या खोलीतल्या तिन्ही ब्राँझपेक्षा कितीतरी खरं होतं. कागदावर जे सगळ्यात काळं, ते पत्र्यावर सगळ्यात खोल. जे पांढरं, ते घासून घासून आरशासारखं केलेलं. म्हणजे पत्रा आधीपासून शिल्पच होता. ओला कागद प्रेसखाली त्याच्यावर दाबला जातो, खड्ड्यांत शिरून शाई उचलतो, आणि मग आपण कागदाला चौकट करतो.

सोमनाथ होर आठवले. तेही छापचित्रकार आणि शिल्पकार. 1971 नंतरच्या त्यांच्या 'वूंड्स' मालिकेत शाईच नाही. मातीच्या सपाट थरावर सुरीने चिरा, त्यावरून सिमेंटचा साचा, साच्यात दाबलेला कागदाचा लगदा. पांढऱ्यावर पांढरी जखम. त्याला छाप म्हणायचं की शिल्प, यावर भांडणारे भांडोत. छापचित्रकार कृष्णा रेड्डींचंही तसंच. शिक्षण शिल्पकलेचं, आणि पॅरिसच्या अतेलिए 17 या छापकार्यशाळेत जस्ताचा पत्रा ते उठावशिल्पासारखा खोल कोरत. त्या कमी-जास्त खोलीमुळेच मऊ आणि कडक रोलर वापरून, पातळ-घट्ट शाया एकमेकींत न मिसळता एकाच पत्र्यावर बसवता येत. खोली नसती तर तो रंगही नसता.

मी वाकून पत्र्याची कड बघत होते तेव्हा मागून आवाज आला, "मॅडम, हात लावू नका." राखणदार मुलगा. लावला नव्हता, पण लावणारच होते. कोपऱ्यातल्या स्टुलावरून कलावंत बाई स्वतः उठून आल्या.

"तुम्ही छापायचात का?"

"थोडंसं. कशावरून ओळखलंत?"

"लोक चित्र बघतात. तुम्ही कानस बघत होतात."

प्रेसचं ब्लँकेट फाटू नये म्हणून पत्र्याच्या चारी कडा कानशीने उतरत्या करतात. ते हाताला आपोआप आठवतं. मी विचारलं, पत्रे कापताना जिवावर आलं नाही का? त्या म्हणाल्या, "आधी वर्षानुवर्षं पलंगाखाली पडून होते. छापून झालं की पत्र्याची चौकशी कुणी करत नाही. मी मात्र दोन-दोन महिने त्यालाच बघत असते, कागद तर शेवटच्या दिवशी दिसतो."

ब्राँझबद्दल बोलायचं धाडस झालं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

रविवार

काल ब्राँझना जरा जास्तच झोडपलं का? दोष धातूचा नाही. जर्मन छापचित्रकार आणि शिल्पकार केटे कोलवित्झचा मुलगा पेटर 1914 मध्ये युद्धात मारला गेला. त्याच्या स्मारकावर ती काम करत राहिली, मध्ये ते सोडूनही दिलं, पुन्हा हाती घेतलं. 1932 मध्ये आई-बापाचे दोन गुडघे टेकलेले पुतळे बेल्जियममधल्या त्या दफनभूमीत उभे राहिले. मधल्या काळात तिने युद्धावरचे वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवरचे छाप, कोरले. लाकूड काय, दगड काय, तिला जमायला अठरा वर्षं लागली आणि ती तिने लागू दिली. पहिल्या खोलीतल्या ब्राँझना कदाचित तेवढा वेळच मिळाला नसेल. प्रदर्शनाची तारीख ठरली की काहीतरी मोठं लागतंच.

मंगळवार

माळ्यावरून माझा पत्रा काढला. वर्तमानपत्र पिवळं पडून चिकटलेलं, जस्तावर पांढरट बुरशीसारखा थर. माझ्या सहाच्या सहा प्रती कुठे गेल्या कोण जाणे. घरं बदलताना गेल्या असतील.

चित्र सांगण्यासारखं नाही, खिडकी आणि दोरीवरचे कपडे. सही मात्र आठवत होती. छापायच्या आदल्या संध्याकाळी घाईत ड्रायपॉइंटच्या सुईने सरळ पत्र्यावर ओरखडली होती, ॲसिड वगैरे काही नाही. आणि अक्षरं उलटी लिहायची विसरले. सगळ्या कागदांवर नाव उलटं उमटलं. "सही आरशाला दाखवायचीय का?" सर म्हणाले होते, आणि सगळा वर्ग हसला होता.

थर हळूच पुसला, ओरखड्यांत टाल्कम पावडर भरून खिडकीशी तिरपा धरला. नाव सरळ वाचता येतं.

ड्रायपॉइंटची सुई धातू काढून टाकत नाही, बाजूला सारते. ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते, तिला बर म्हणतात. मखमली काळी रेघ येते ती तिच्यामुळे. प्रेसखाली काही प्रतींतच ती दबून जाते. डच चित्रकार रेम्ब्रांने 1653 च्या 'तीन क्रूस' या आपल्या ड्रायपॉइंटचा पत्रा पुढे पुन्हा उकरला, तोवर त्यातल्या रेघा झिजल्या होत्या.

मी सहाच छापल्या. आज बोट फिरवलं, तर माझ्या नावाची बर अजून टोचते.